नळी बंद होण्याआधी



ही व्याख्यानमाला ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी या तालुक्यातल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं केली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मूल न होण्याविषयी बोलायला तुम्ही मला बोलावलंत. त्यामागचा विचार मला समजतो. ज्या दवाखान्यात बाळं जन्माला येतात, त्याच दवाखान्याच्या बाकावर वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या बायकाही बसलेल्या असतात. बाईंनी त्यांना कधी ताटकळत ठेवलं नाही. आज त्या वाट पाहणाऱ्या बायकांविषयी बोलावं, हे योग्यच आहे.

वंध्यत्व हा विषय अफाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हातरी या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. कारण कधी स्त्रीत असतं, कधी पुरुषात, कधी दोघांत, तर कधी सापडतच नाही. मी आज एकच कारण घेणार आहे. बीजवाहिन्यांना सूज येते आणि त्या सुजेतून नळ्या बंद पडतात, ते कारण. बाकीच्या पुष्कळ कारणांपुढे वैद्यकाचे हात बांधलेले असतात. वयाबरोबर अंडाशयातली बीजं कमी होतात, ते कुणालाच थांबवता येत नाही. नळ्यांची सूज मात्र बऱ्याच अंशी टाळता येते, आणि वेळेवर ओळखली तर साध्या गोळ्यांनी बरी करता येते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. बंद नळ्यांची लढाई शहरातल्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये लढली जाते, पण ती जिंकता येते गावच्या आरोग्य केंद्रात, आणि तीही कितीतरी वर्षं आधी.

आमच्याकडे येणारी जोडपी बहुतेक वेळा मोठी पिशवी घेऊन येतात. पिशवीत फायली असतात, सोनोग्राफीचे कागद असतात, हार्मोनच्या तपासण्या असतात, औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी फार वेळा नसतेच. आणि सगळ्यांत शेवटी एक्स-रेच्या पाकिटातून नळ्यांचा फोटो निघतो. रिपोर्टवर लिहिलेलं असतं, दोन्ही नळ्या बंद. त्या बाईनं तोवर उपवास केलेले असतात, नवस बोललेले असतात, हळदीकुंकवाला जाणं सोडलेलं असतं. ती विचारते, ‘डॉक्टर, नळ्या उघडतील का?’ प्रश्न बरोबर आहे. पण एक प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे आणि तो त्या फायलीत कुणीच विचारलेला नसतो. नळ्या बंद कशानं झाल्या? आणि त्या बंद होत होत्या, तेव्हा आपण सगळे कुठे होतो?

आधी नळी म्हणजे काय ते पाहू. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पियो यांनी १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अवयवाचं नेमकं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला लागलं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी एकेक नळी निघते. लांबी दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना तिचं आतलं भोक जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. पुढे ती रुंद होत जाते आणि अंडाशयाजवळ तिचं तोंड झालरीसारखं उघडतं. दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटतं, तेव्हा ही झालर अंडाशयावरून फिरते आणि बीज आत ओढून घेते. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. त्या वेळात शुक्राणू तिथवर पोचले, तर नळीच्या रुंद भागात फलन होतं.

काम तिथे संपत नाही. फलन झालेला गर्भ पुढचे तीन-चार दिवस नळीतच असतो. तिथे त्याच्या पेशी वाढतात, नळीच्या अस्तरातून पाझरणाऱ्या द्रावावर त्याचं पोषण होतं आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस एका लयीत हलत त्याला गर्भाशयाकडे नेतात. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्याचे पहिले काही दिवस त्या नळीत गेलेले आहेत. नळी ही नुसती वाट नव्हे, ती काम करणारा जिवंत अवयव आहे. हे ध्यानात ठेवा, कारण नळी ‘उघडी’ असूनही निकामी असू शकते. आतले केस एकदा नाहीसे झाले की फोटोत नळी मोकळी दिसते, पण गर्भ पुढे सरकत नाही. कधी तो वाटेतच रुजतो. त्याला आपण नळीतला गर्भ म्हणतो, आणि नळी फुटली तर त्यात बाईचा जीव जाऊ शकतो.

आता सुजेकडे येऊ. शरीरात जंतू शिरला की शरीर लढतं. तिथला रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, भाग सुजतो, दुखतो. त्वचेवर गळू झालं तर ते बरं होतं आणि मागे एक वण राहतो. त्वचेवरच्या वणानं काही बिघडत नाही. पण एक मिलिमीटरच्या नळीत वण पडला तर? आतल्या घड्या एकमेकींना चिकटतात. तोंडाची झालर गोळा होऊन मिटते. मग आत तयार होणाऱ्या द्रावाला बाहेर पडायला वाट उरत नाही, तो साचत जातो आणि नळी फुगते. कधी नळीच्या बाहेर आतड्यांशी, अंडाशयाशी चिकटाव होतो. दुर्बिणीतून पोटात पाहताना काही जणींच्या यकृतापासून पोटाच्या भिंतीपर्यंत व्हायोलिनच्या तारांसारखे ताणलेले पांढरे धागे दिसतात. जंतुसंसर्ग ओटीपोटात सुरू झालेला असतो आणि त्याची खूण पार छातीच्या पिंजऱ्याखाली उरलेली असते. बाई मात्र सांगते, मला तसं काही झाल्याचं आठवत नाही.

तिचं म्हणणं खरंच असतं. हे दुखणं बरेचदा गाजावाजा न करता येतं. नळ्यांना सूज आणणाऱ्या जंतूंत जगभर आघाडीवर असलेला क्लॅमिडिया हा जंतू पेशीच्या आत दडून राहतो. तो लागलेल्या बहुतेक बायकांना काही लक्षणच जाणवत नाही. थोडं ओटीपोट दुखतं, पाळीच्या मधेच एखादा डाग दिसतो, अंगावरून थोडं जास्त जातं. बाई म्हणते, उष्णता असेल. गनोरिया म्हणजे परमा, तो निदान पुरुषांत तरी बहुधा बोभाटा करतो. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने आत राहतो आणि त्याच्याशी लढणारं शरीरच हळूहळू नळीचं अस्तर खराब करत जातं.

किती नुकसान होतं? याचं सर्वांत विश्वासार्ह उत्तर स्वीडनमधल्या लुंड शहरातून आलं. लार्स वेस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० पासून जवळजवळ पंचवीस वर्षांतल्या अठराशेहून अधिक स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. दुर्बिणीतून पाहून त्यांच्या नळ्यांची सूज नक्की केलेली होती. १९९२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. सूज एकदाच आली असेल, तर नळ्या खराब होऊन मूल न होण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के. दोनदा आली, तर सुमारे २० टक्के. तीन किंवा अधिक वेळा आली, तर ४० टक्के. या आकड्यांकडे मी धोका म्हणून पाहते तशीच आशा म्हणूनही पाहते. पहिल्या खेपेनंतर शंभरातल्या नव्वदहून अधिक जणींच्या नळ्या अजून शाबूत असतात. म्हणजे पहिल्या खेपेला नीट उपचार केला आणि दुसरी खेप येऊ दिली नाही, तर बहुतेक जणी वाचतात.

त्याच नोंदींवरून पुढच्या वर्षी आणखी एक अभ्यास आला. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन दिवसांहून उशिरा उपचाराला आलेल्या बायकांत गर्भ न राहण्याचा किंवा नळीत गर्भ राहण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. फरक अवघ्या तीन दिवसांचा! आपल्याकडे तीन दिवसांत काय होतं? बाई सासूला सांगू की नको असा विचार करते. शेतातलं काम आहे, बाजाराच्या दिवशी जाऊ म्हणते. मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणते. गोळीनं दुखणं थांबतं, सूज थांबत नाही.

इथे महाराष्ट्रातल्याच एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्या दुखण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या नव्हत्या, त्या गावात राहणाऱ्या साध्या स्त्रिया होत्या. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक. आणि यापूर्वी कधीतरी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. त्या काळात ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. बाकीच्या आयुष्यात तिला काही दुखतं, हे मोजलंच गेलं नव्हतं. या अभ्यासानं ते मोजायला लावलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ साली, आपल्याच राज्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. कितीतरी तरुण स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली होती. आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. या स्त्रियांच्या तक्रारी काय होत्या? ओटीपोट दुखतं, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळी फार जाते. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, रजा घेतली तर खाडा पडतो. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून पिशवी काढल्याचे अनुभव अनेकींनी सांगितले. मूल झालेल्या बाईची पिशवी जाते आणि मूल न झालेल्या बाईच्या नळ्या जातात. मला ही एकाच दुर्लक्षाची दोन टोकं वाटतात. दोघींच्या ओटीपोटातल्या दुखण्याकडे वेळेवर, शांतपणे, तपासणीच्या टेबलावर कुणी पाहिलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर घाबरून जाल. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे आजारच, असं नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात पाण्यासारखा, वास नसलेला स्राव जातो, तो निरोगीपणाचा भाग आहे. लक्ष द्यायचं ते पुढच्या गोष्टींकडे. स्राव पिवळा-हिरवा आहे, त्याला दुर्गंधी आहे, ताप आहे, ओटीपोटात सतत दुखतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, संबंधानंतर रक्त जातं. यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. पुढच्या पाळीची वाट पाहू नका.

क्लॅमिडिया-परम्यासारखे संसर्ग हे नळ्यांच्या सुजेचं पहिलं दार. दुसरं मोठं दार म्हणजे बाळंतपण आणि गर्भपात. १९७१ सालच्या कायद्यानं आपल्याकडे सुरक्षित गर्भपाताला मान्यता मिळाली आणि असंख्य बायकांचे जीव वाचले. तरीही लाजेपोटी, पैशाअभावी किंवा माहिती नसल्यामुळे आजही कुणी परस्पर गोळ्या आणून घेते, कुणी नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाते. गर्भपात अर्धवट राहतो, आत राहिलेल्या भागात जंतू वाढतात आणि संसर्ग नळ्यांत चढतो. मग पुढे मूल हवं असतं तेव्हा होत नाही, आणि घरात म्हणतात, पहिलं पाडलं म्हणून पाप लागलं. पाप कसलं? पहिल्याच दिवशी योग्य ठिकाणी जायला तिला कुणी मदत केली असती, तर हे झालंच नसतं. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर ताप आला, घाण वास येऊ लागला, ओटीपोट दुखू लागलं, तर ती तातडीची बाब समजायची, एवढं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. 

तिसरं दार आपल्या देशात फार महत्त्वाचं आहे. ते म्हणजे क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. क्षयाचा जंतू फुप्फुसातून रक्तावाटे नळ्यांपर्यंत पोचतो. जननेंद्रियांचा क्षय झालेल्या स्त्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणींच्या नळ्यांना तो झालेला असतो, निम्म्याहून अधिक जणींच्या गर्भाशयाच्या अस्तरालाही. छातीचा क्षय लहानपणी होऊन गेलेला असतो, खोकला केव्हाच थांबलेला असतो आणि पुढे कित्येक वर्षांनी मूल होत नाही म्हणून तपासणी करताना नळ्या ताठ, गाठीगाठींच्या झालेल्या सापडतात. पाळी कमी येते किंवा बंद होते. काहींना तर कोणतंच लक्षण नसतं.

क्षयाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी अन्याय होतो, तेवढं सांगते. एका बाजूला तो ओळखला जात नाही. दुसऱ्या बाजूला केवळ एका पीसीआर चाचणीत जंतूचा अंश दिसला म्हणून निरोगी बाईला सहा महिने औषधं खायला लावली जातात. निदान एकट्या पीसीआरवर करू नये. अस्तराचा तुकडा, त्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, सीबीनॅट ही क्षयजंतू शोधणारी चाचणी, कल्चर, गरज पडल्यास दुर्बीण, असं सगळं मिळून ठरवायचं असतं. क्षय नक्की ठरला, तर औषध सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतं आणि सहा महिन्यांत रोग बरा होतो. पण रोग बरा झाला म्हणजे नळी पूर्ववत झाली असं होत नाही. जंतू मरतो, वण राहतो. म्हणून छातीच्या क्षयाचा उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलीला मी नेहमी सांगते, हे औषध तू फुप्फुसासाठी घेतेस, तसंच उद्याच्या तुझ्या बाळासाठीही घेते आहेस.

आता नळ्यांच्या फोटोकडे येऊ. एचएसजी नावाची ही तपासणी पाळी थांबल्यानंतर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. गर्भाशयाच्या तोंडातून रंगद्रव्य सोडतात आणि पडद्यावर ते पुढे सरकताना दिसतं. आधी गर्भाशयाचा त्रिकोण भरतो. मग दोन्ही कोपऱ्यांतून केसाएवढ्या बारीक रेषा निघतात, वळणं घेत जातात, आणि नळी मोकळी असेल तर टोकाशी रंग ओटीपोटात पसरतो. ती रेषा कोपऱ्यातच अडली की रिपोर्टवर ‘बंद’ लिहिलं जातं. पण त्या वेळी बाई भीतीनं आखडलेली असते, तिला कळ आलेली असते, आणि नळीच्या मुळाशी असलेला स्नायू आवळला गेला तरी रंग पुढे जात नाही. कधी चिकट स्रावाचा बोळा अडकलेला असतो. म्हणून मुळाशी बंद दिसलेली नळी प्रत्येक वेळी खरोखर बंद नसते. दुर्बिणीच्या तपासणीत निळा रंग सोडल्यावर ‘बंद’ म्हणून लिहिलेल्या नळीच्या टोकातून तो झुळझुळ बाहेर पडताना मी पाहिला आहे. त्या क्षणी शस्त्रक्रियागृहातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. एका फोटोवर कुणाच्या नशिबाचा निकाल लावू नये.

या फोटोची एक चांगली बाजूही आहे. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. फोटो काढताना तेलावर आधारित रंगद्रव्य वापरलेल्या गटात पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के स्त्रियांना गर्भ राहिला आणि टिकला. पाण्यावर आधारित द्रव्य वापरलेल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होतं. नळ्या गंभीर खराब असण्याची शक्यता असलेल्या स्त्रिया त्यात नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. पण नळीतला छोटासा अडथळा धुऊन निघणंही किती महत्त्वाचं असू शकतं, ते यातून कळतं.

नळी खरोखर बंद असेल तर? मुळाशी अडथळा असेल तर बारीक तार घालून ती मोकळी करता येते. बाई तरुण असेल, टोकाशी थोडाच चिकटाव असेल आणि आतलं अस्तर चांगलं असेल, तर दुर्बिणीतून तोंड मोकळं केल्यावर दिवस राहू शकतात. पण अस्तरच गेलं असेल, तर नळी उघडूनही उपयोग होत नाही. उलट नळीत गर्भ अडकण्याचा धोका वाढतो. अशी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पूर्वी सूज येऊन गेलेल्या बाईची पाळी चुकली, एका बाजूला दुखू लागलं, डाग गेला किंवा चक्कर आली, तर रात्र असो की पहाट, तिला तसंच दवाखान्यात न्यायचं.

आणि मग टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग. हे तंत्र मुळात बंद नळ्यांसाठीच विकसित झालं, हे आज अनेकांना माहीत नसतं. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईझ ब्राउन, जन्मली. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम करणाऱ्या जीन पर्डी यांनी नळीचं काम काचेच्या बशीत करून दाखवलं. काही महिन्यांतच कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच साधलं, पण त्यांना हयातीत न्याय मिळाला नाही. आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून याच तंत्रानं एक मुलगी जन्मली. एका महापालिकेच्या रुग्णालयात हे घडलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

या तंत्रानं लाखो घरांत मुलं आली आहेत. पण त्याचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. त्यासाठी जमीन गहाण पडते, दागिने मोडले जातात. त्यातही नळ्या पाण्यानं फुगलेल्या असतील, तर त्या पाण्यामुळे गर्भ रुजण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. म्हणून आधी ती नळी काढावी लागते किंवा बांधावी लागते. जी सूज चौदा दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी बरी झाली असती, तिची ही किंमत आहे. पैशाची तर आहेच, पण त्या बाईच्या आयुष्यातल्या उमेदीच्या वर्षांचीही आहे.

आता पुरुषांविषयी. क्लॅमिडिया आणि परमा हे आजार जोडीदारांकडून एकमेकांना होतात. एकट्या बायकोला गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला दिल्या नाहीत, तर ती पुन्हा आजारी पडू शकते आणि लुंडच्या त्या हिशेबातली दुसरी खेप सुरू होते. म्हणून औषध दोघांनी घ्यायचं आणि कोर्स पुरा होईपर्यंत संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा. याचा अर्थ नवऱ्यानं बायकोवर किंवा बायकोनं नवऱ्यावर संशय घ्यायचा असा नाही. संसर्ग लग्नाआधीचा, कित्येक महिन्यांचा असू शकतो. क्षयाचा तर शरीरसंबंधाशी सहसा काही संबंध नसतो. बंद नळी हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. तसंच वंध्यत्वाच्या तपासणीत नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. ती सोपी आहे, स्वस्त आहे, दुखत नाही. ती न करता बाईला टेबलावर घेऊ नका, असं मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना बजावते.

एक गैरसमज जाता जाता दूर करते. ‘तांबी बसवली म्हणून नळ्या बंद झाल्या’ असं अनेकजणी म्हणतात. मेक्सिको सिटीत झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात मूल होत नसलेल्या आणि पहिल्यांदाच गरोदर असलेल्या मिळून १,८९५ स्त्रियांची माहिती तपासली गेली. तांबी वापरल्याचा आणि नळ्या बंद होण्याचा संबंध दिसला नाही. क्लॅमिडिया होऊन गेल्याच्या रक्तातल्या खुणांशी मात्र तो दिसला. दोष जंतूचा आहे. तांबी बसवण्याआधी संसर्ग नाही ना, हे तपासलं म्हणजे झालं.

मराठी समाजाला या विषयावर उघड बोलण्याची सवय नाही, असं म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. गुप्तरोगांविषयी त्यांनी स्वच्छ, सरळ मराठीत लिहिलं, खटले सोसले, नोकरी गमावली. म्हणजे शब्द आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. ते घरात आणि आरोग्य केंद्रात वापरायचे तेवढे राहिले आहेत.

तर आपण काय करायचं? सरकारी यंत्रणेत व्यवस्था नाही असं नाही. जिल्हा रुग्णालयांत अशा संसर्गांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. लक्षणांवरून उपचारासाठी रंगवार औषधांचे संच ठरवून दिलेले आहेत. ओटीपोटाच्या सुजेसाठी पिवळा संच आहे, त्यात चौदा दिवसांची औषधं असतात. पण संच असून भागत नाही. बाईला आडोसा हवा, तपासणीचं टेबल हवं, तिचं ऐकून घेणारी परिचारिका हवी आणि नवऱ्यालाही बोलावून औषध देण्याची पद्धत हवी. मुलींना शाळेत पाळीविषयी शिकवताना ओटीपोटाच्या दुखण्याविषयीही चार वाक्यं सांगायला हवीत, आणि मुलांनाही त्याच वर्गात बसवायला हवं. आशाताई गरोदर बाईच्या घरी जाते, तशी बाळंतपणानंतर आणि गर्भपातानंतर आठवड्याभरात तिनं ताप आणि स्राव यांची चौकशी करायलाच हवी. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर औषधांची माहिती आणि तपासणीची तारीख जायला हवी.

घरातल्या मोठ्या बायकांना माझी वेगळी विनंती आहे. सुनेनं ‘खाली दुखतं’ म्हटलं, तर ‘आम्हालाही दुखायचं’ असं म्हणू नका. तुम्हालाही दुखत होतं, हे खरंच आहे. तुमच्याकडे कुणी पाहिलं नाही, हेही खरं. तिच्याकडे पाहा. आणि जिला मूल झालं नाही, तिला ओटी भरायला आवर्जून बोलवा. नळ्या बंद झाल्या म्हणून तिचं माणूसपण उणं होत नाही.

दाराजवळच्या टेबलावर एक अर्ज ठेवला आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तक्रारींसाठी राखून ठेवावा, पडद्याआड तपासणीची सोय असावी, पिवळ्या संचांचा साठा संपू देऊ नये आणि जोडीदाराच्या उपचाराची नोंद ठेवावी, अशी त्यात मागणी आहे. पहिली सही मी केली आहे. त्या दिवशी तपासायला मी स्वतः येईन, असंही त्यावर लिहून दिलं आहे. आता तुमच्या सह्या हव्यात, आणि पुरुषांच्या सह्या बायकांच्या सह्यांइतक्याच हव्यात.